एक शब्द आधी

कोपरखैरणे, सेक्टर पंधरा. रात्रीचे पावणेदोन.
पंखा बंद. फ्रिजचा प्लग काढलाय,
दूध पाण्याच्या परातीत, आईला उद्या सांगू.
कपाटाला टेकवून गाद्या उभ्या, खिडकीला दोन चादरी.
याला मी स्टुडिओ म्हणतो, घरमालक खोली म्हणतो.
भाड्याच्या आकड्यावर मात्र आमचं एकमत.

स्क्रीनवर एकाखाली एक प्लगइन:
इक्वलायझर, कॉम्प्रेसर, परत इक्वलायझर,
शेवटी लिमिटर, सोसायटीच्या वॉचमनसारखा,
शून्याच्या वर कुणाला सोडत नाही.
कॉम्प्रेसर ट्रायलवर आहे. दोन दिवस उरलेत.
दर मिनिटाला तो क्षणभर गप्प होतो,
उसने पैसे मागायला आलेला माणूस
चहा संपल्यावर होतो तसा.

घणसोली गावठाणातल्या बामीबाई मढवी
चाळीस वर्षं लग्नांतून धवला गात आल्या.
यंदा गळा बसला, म्हणून सून. करिष्मा.
रेकॉर्डिंगला दोघी आल्या.
सासू कोपऱ्यात, मांडीवर पर्स, डोळे मिटलेले.
मला वाटलं, डुलकी.
सुनेनं अकरा गाणी सलग दिली,
हातात कागद नाही, मोबाइल नाही.
मी म्हणालो, वा, सगळं पाठ!
ती नुसती हसली.

कॉम्प्रेसर करतो काय,
तर मोठ्याला दाबतो आणि मग सगळ्यांनाच उचलतो.
थ्रेशोल्ड उतरवत गेलो. वजा अठरा. वजा चोवीस.
सुई लवली. गळा जवळ आला,
ओठ सुटल्याचा आवाज, बांगडी,
खालून गेलेली एनएमएमटी,
आणि प्रत्येक ओळीच्या अलीकडे
आणखी कुणीतरी.

हेडफोन दाबून धरले.
करिष्मा "मांडव" गायची, त्याच्या अर्धा श्वास आधी
कोपऱ्यातून, "मांडव".
"हळद". मग हळद.
"मामा". मग मामा.
समोर बसून मला हे ऐकू आलं नव्हतं.

मोजल्या. सेहेचाळीस जागा.

सकाळी फोन केला. काकी, तुमचा आवाज आलाय मागे,
राहू दे का? छान वाटतंय.
(लोकांना असलं आवडतं, अस्सल म्हणतात,
हेही डोक्यात होतंच माझ्या.)
पलीकडे मासळी खवलायचा आवाज थांबला.
"बाला, माजं बोलनं कार त्यानशी.
नाव पोरीचं हाय, गलाबी पोरीचाच र्‍हाव दे.
आन मोजलंस ते तिला सांगू नको."

गेटनं जमेना.
गेटला कुजबुज काय नि श्वास काय.
मग हातानं, एकेक, कडा घासत.
नुसतं कापलं तर तिथं भोक पडतं,
म्हणून खोलीची शांतता आणून भरली,
पहिल्या गाण्याआधीचे चार सेकंद,
दोघी नुसत्या बसल्या होत्या तेव्हाचे.
बामीबाईंना बामीबाईंच्याच गप्प बसण्यानं झाकलं.

पंचेचाळीस गेल्या.
सातव्या गाण्यात एक हलेना.
तिथं शब्द सुनेला आधी आठवला होता,
सासू मागून आली
आणि बरोबर त्याच अक्षरावर बसली.
कापायचं तर दोघींना कापावं लागलं असतं.

फाइल घेऊन चुलतभावाच्या इकोत बसलो,
पाम बीच रोडच्या कडेला, काचा वर करून.
गाडीच्या फाटक्या स्पीकरवर जे टिकतं ते टिकतं.
सातव्याला करिष्मानं हात वर केला, थांबवा.
परत लावा. इथं माझा आवाज भरलेला वाटतो,
बाकी कुठं नाही असा. काय केलंत?
मागच्या सीटवर पर्स
एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर गेली.
एक प्लगइन होता, मी म्हणालो.
ट्रायलवरचा. काल संपला.